स्पॅनिश बेडकीची गोष्ट आणि सोलापूरची मुलं: वाचन कुठून सुरू करावं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार. सोलापुरात आठ ते दहा वर्षांच्या नऊ मुलांचा स्पॅनिशचा वर्ग आहे, आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास. सहा जणांच्या घरी मराठी, दोघांच्या घरी तेलुगू, एकीच्या घरी कन्नड. मराठी सगळे घडाघडा वाचतात, इंग्रजी अडखळत. दोन महिने नुसतं ऐकणं-बोलणं झालंय : रंग, आकडे, प्राणी, 'मला हे आवडतं' इतपत येतं. आता वाचायला बसवायचंय.

हाताशी चोवीस पानांची चित्रगोष्ट आहे. तळ्यातल्या बेडकीला चांदण्यात एक पीस सापडतं. ते पाठीला लावताच तिला पंख फुटतात. वाटेत घुबड तिला तीनदा अडवून तू कोण म्हणून विचारतं आणि उजाडायच्या आत पंख परत करावे लागतात. साधारण सहाशे शब्द, सगळं भूतकाळात, संवाद भरपूर.

विचारायचं ते असं. मुलं अक्षरं इंग्रजीसारखी वाचतात. मांजर म्हणजे 'गातो', त्याचा 'गेटो' होतो आणि 'के' या शब्दाचा 'क्यू'. पालक म्हणतात, ओळीखाली देवनागरी लिहून द्या. द्यावी का? आणि सहाशे शब्द या वयाला झेपतील, की गोष्टच बदलू?

(इथे सगळ्यांना वाचता यावं म्हणून स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिलेत.)

---

पाच_स्वर

गोष्ट बदलू नका, रस्ता बदला. मुलं इंग्रजीवरून स्पॅनिशकडे जातायत म्हणून 'गेटो' होतंय. त्यांना बाराखडीवरून न्या. स्पॅनिशला स्वर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि आपला 'अ' तर अजिबातच नाही. म्हणून 'मारिपोसा' (फुलपाखरू) कोणी 'मरिपोसा' वाचलं की तिथेच थांबवा. जोर नसलेला स्वरसुद्धा तोंड उघडून पूर्ण म्हणायचा.

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतही लहान मुलांना मा-मे-मी-मो-मू अशाच ओळी म्हणायला लावतात. तिथलं बालवाडीचं जुनं वाक्य आहे, 'मी मामा मे मीमा', म्हणजे माझी आई माझे लाड करते. 'मामा' आईला म्हणतात आणि जोर दुसऱ्या 'मा'वर असतो, हे आधी सांगा, नाहीतर मुलं मामालाच शोधत बसतील.

फळ्यावर पाच रकान्यांचा तक्ता काढा. म, प, ल, त, न, द या ओळी सरळ आहेत, एका तासात होतात. अडतात त्या चार ओळी, त्यांना प्रत्येकी अर्धा तास ठेवा :

'क'ची ओळ : का, को, कू ला 'सी' लागतो, पण के आणि की लिहिताना 'क्यू-यू'. तो 'यू' मुका. तुमचा 'क्यू' इथेच जन्माला येतो.

'ग'ची ओळ : गा, गो, गू साधे. गे, गी मध्ये मुका 'यू' घालावा लागतो. त्या 'यू'वर दोन टिंबं असली तरच तो बोलतो, जसं 'पिंग्वीनो'.

'ख़'ची ओळ : घसा खरवडून येणारा आवाज, 'जे' अक्षराचा. 'जी'पुढे ए किंवा ई आला तरी हाच. ससा 'कोनेख़ो', पक्षी 'पाख़ारो'. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो 'ह'कडे झुकतो, तेव्हा मुलाला ख़ जमत नसेल तर 'ह' चालवून घ्या, पण 'ज' नको.

'स'ची ओळ : एस, झेड, आणि ए-ई पुढचा सी, तिन्हींचा 'स' करा. स्पेनमध्ये शेवटच्या दोन्हींना जीभ दातांत येते, तुमच्या ध्वनिफिती तिथल्या असतील तर तसं शिकवा, पण दोन्ही मिसळू नका. कोल्हा 'सोर्रो' आहे, 'झोर्रो' नव्हे. अस्वल 'ओसो' आहे, 'ओझो' नव्हे. स्पॅनिशमध्ये स्वरांच्या मधला 'स' कधी 'झ' होत नाही.

आता जमेच्या बाजू. टी आणि डी ही अक्षरं दिसली की आपल्या तोंडी ट, ड येतात, कारण इंग्रजी तशीच शिकलो. स्पॅनिशचे आवाज आपले त, द आहेत, दंत्य. 'तोर्तूगा'ला (कासव) 'टॉर्टुगा' म्हणणाऱ्या मुलाला फक्त 'तळ्यातला त' एवढं सांगितलं तरी पुरतं. प, त, क मध्ये ह मिसळत नाही, हेही आपल्या मुलांना फुकटात मिळालंय.

दुहेरी र शिकवायला 'भुर्रकन उडाली' घ्या. तोच र. शब्दाच्या सुरुवातीचा एकेरी 'आर'सुद्धा तसाच घुमतो, म्हणून बेडकी 'र्राना'. मधला एकेरी र साधा : 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

'सी-एच' ला च आहे, पण चिमणीतला, चाकातला नव्हे. ही चूक मराठी मुलंच करतात, कारण आपल्याकडे ई-ए पुढे च आपोआप तालव्य होतो आणि ओ-ऊ पुढे बरेचदा दंततालव्य. 'नोचे' (रात्र) बरोबर वाचणारं मूल 'मूचो' (खूप) मध्ये चाकातला च लावतं.

आणखी एक, सोलापुरात हमखास ऐकू येणारी : 'एल'चं 'येल', 'ओसो'चं 'वोसो'. मराठीत येक, वोठ होतं तसंच, आणि तेलुगू-कन्नड घरांत जास्तच. शब्द सुटा म्हणवून घेतला तर ही सवय जात नाही. आधी दुसरा स्वर जोडून द्या, 'आ-एल, आ-ओसो', मग 'आ' काढून टाका.

पहिल्या दिवशी मुलांना स्वतःचीच नावं रोमन लिपीत लिहून स्पॅनिश नियमाने वाचायला लावा. जुई होते 'ख़ुई', हेमा होते 'एमा' कारण 'एच' मुकाच, आणि दोन 'ई' लावून लिहिलेली वीणा होते 'बेएना'. व्ही आणि बी एकच, हेही त्यात येऊन जातं. वीस मिनिटांत निम्मे नियम कळतात, तेही स्वतःच्या नावावर.

---

गोष्टीवेल्हाळ

सहाशे शब्द झेपणार नाहीत, पण चोवीस पानं झेपतील. चित्रं सगळी ठेवा, मजकूर तुम्ही कमी करा. पूर्ण गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आणि मुलांनी वाचायची ती साधारण १४० शब्दांची. चित्राखाली एकच वाक्य, सहा ते आठ शब्दांचं, आणि काही पानं बिनशब्दांची. वीस शब्दांत एकाहून जास्त अनोळखी शब्द नको.

घुबडाचे तीन प्रश्न हे या गोष्टीतलं सोनं आहे. तिन्ही वेळा बेडकीचं उत्तर शब्दशः एकच करा : 'नो सोइ ऊन पाख़ारो. सोइ ऊना र्राना कोन आलास.' मी पक्षी नाही, मी पंखांची बेडकी आहे. तिसऱ्यांदा मुलं न बघता म्हणतात, आणि मग त्यांची बोटं योग्य शब्दावर आहेत का एवढंच बघायचं. 'आलास' म्हणजे पंख. आपल्या 'तू आलास'वरून लगेच लक्षात राहतो. असे अजून आहेत : 'कोला' म्हणजे शेपूट (कोल्ह्याची कोला), 'पीको' म्हणजे चोच. एक फसवा आहे, 'सापो'. तो साप नाही, भेक आहे, बेडकीचाच भाऊबंद.

क्रम असा ठेवा. पहिल्या तासाला मजकूर झाकून फक्त चित्रं दाखवत दोनदा सांगा, मुलांनी उडी, उडणं, झोपणं यांचे हावभाव करायचे. दुसऱ्या तासाला सहा शब्दपट्ट्या : र्राना, बूओ (घुबड), लूना (चंद्र), प्लूमा (पीस), आलास, नोचे. ए-फोर आकाराचा जाड कागद आठ तुकड्यांत कापला की पुरतो. पट्ट्या अक्षरगटावरच कापा, र्रा-ना, प्लू-मा. 'प्लू' एकाच तुकड्यात राहू द्या, तो जोडाक्षरासारखा आहे, फोडला की मुलं 'पलूमा' वाचतात. तिसऱ्या तासाला मोठ्या कागदावर सगळ्यांनी मिळून, तुमचं बोट अक्षरगटाखाली. चौथ्याला जोडीने. पाचव्याला आठ वाक्यपट्ट्या उलटसुलट देऊन क्रम लावणं. सहाव्याला एकेकाचं वाचन. म्हणजे तीन आठवडे एका गोष्टीला. घाई केलीत तर पाठांतर होईल, वाचन होणार नाही.

सहाव्या तासाला मोजा : शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका असतील तर मूल स्वतः वाचू शकतं. सहा ते दहा असतील तर जोडीदार हवा. दहाच्या वर गेल्या तर मजकूर अजून कमी करा. स्वतःहून सुधारलेली चूक मोजू नका.

छपाई चोवीस टायपाच्या खाली नको. 'ए' आणि 'जी' ही अक्षरं मुलं हाताने काढतात तशीच छापलेली असावीत. पुस्तकातला टोपीवाला 'ए' आणि दुमजली 'जी' कित्येकांना वेगळीच अक्षरं वाटतात.

संवाद वाचताना अडतात ते चिन्हांपाशी. स्पॅनिश पुस्तकात बोलणं अवतरणात नसतं, आडव्या लांब रेघेने सुरू होतं आणि दुसरी रेघ आली की निवेदक बोलायला लागतो. आपल्या मुलांना ही रेघ विरामाची वाटते, मग बेडकीच्या तोंडचं वाक्य घुबडाच्या गळ्यात जातं. पहिल्या प्रतीवर बेडकीचं बोलणं एका रंगाने, घुबडाचं दुसऱ्याने अधोरेखित करा आणि निवेदन कोरं सोडा. वाक्याआधीचं उलटं प्रश्नचिन्हही समजावून द्या. 'तू येतोस.' आणि 'तू येतोस?' मध्ये आपण शब्द न बदलता नुसता सूर बदलतो, स्पॅनिशमध्येही पुष्कळदा तसंच असतं. ते चिन्ह सूर कुठून चढवायचा ते आधीच सांगतं.

आणि जोर चुकला तर गोष्ट चुकते. 'प्रेगुन्तो' मध्ये जोर 'गुन'वर असेल तर 'मी विचारतो', शेवटच्या ओ-वर तिरकी रेघ देऊन जोर तिथे असेल तर 'त्याने विचारलं'. तुमच्या गोष्टीत हा शब्द सारखा येणार. नियम छोटा आहे : शब्द स्वराने, एन किंवा एसने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरगटावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि या नियमाबाहेरच्या शब्दावर रेघ असतेच. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून मुलांना तो ऐकूच येत नाही. जोराच्या जागी टाळी वाजवून घ्या.

वर्तमानकाळात गोष्ट उतरवण्याचा मोह होईल. टाळा. 'बाहेर पडते'साठी 'साले' हा शब्द येतो आणि पुढची दहा मिनिटं वर्ग हसण्यात जातो. भूतकाळी 'सालिओ' निर्धोक आहे.

---

काळा_फळा

ओळीखालच्या देवनागरीबद्दल : नको. डोळा ओळखीच्या लिपीकडेच जातो, रोमन अक्षरं नुसती नक्षी होऊन बसतात आणि सहा महिन्यांनी मूल तिथंच असतं. शिवाय देवनागरीत मुका 'एच' दिसत नाही, बी-व्ही सारखेच दिसतात, एस-झेड सारखेच दिसतात. म्हणजे वाचता येईल, पण लिहिताना सगळं कोसळेल.

पालकांचं म्हणणं मात्र अगदीच सोडू नका, त्यांना घरी सराव घ्यायचा असतो. शब्दपट्टीच्या मागच्या बाजूला देवनागरी लिहा. आधी वाचायचं, मग उलटवून पडताळायचं. वाक्यांना तेही नको, वाक्यांसाठी तुमच्या आवाजातली दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवा.

वरच्या मोजणीला एक जोड. स्पॅनिश इतकी नियमाने लिहिली जाते की मूल अर्थ न कळता खणखणीत वाचतं, जसं स्तोत्र म्हणतात तसं. शून्य चुका म्हणजे समजलं असं धरू नका. दर पानाला एक खोटं वाक्य म्हणा, 'बेडकीला शेपूट आहे', आणि मुलांनी 'नो' म्हणत चित्रावर बोट ठेवायचं.

शब्दकोश जुना असेल तर बघून घ्या. सी-एच आणि डबल-एल ही पूर्वी स्वतंत्र अक्षरं धरत, कोशातही त्यांचे वेगळे विभाग असत. १९९४ साली ती व्यवस्था सोडली आणि २०१० पासून वर्णमाला सत्तावीस अक्षरांची मानतात. मुलं जुन्या कोशात 'चीको' सी-खाली शोधत बसतील.

---

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, नावांचा खेळ येत्या तासालाच घेते. दोन शंका राहिल्या. एक, लिंग. पुल्लिंगी नावाआधी 'एल' लागतो, स्त्रीलिंगी नावाआधी 'ला'. मुलं 'एल र्राना', 'एल तोर्तूगा' म्हणतात, कारण बेडूक पुल्लिंगी आणि कासव नपुंसकलिंगी. दोन, बेडकीने चंद्र पाहिला तेव्हा 'ब्यो ला लूना', पण घुबड पाहिलं तेव्हा 'ब्यो आल बूओ'. हा 'आल' का, हे मुलांना कसं सांगू?

---

विभक्ती

ताई, दुसरी शंका आधी घेते, कारण तिचं उत्तर मुलांना आधीच येतं. मराठीत आपण 'बेडकीने चंद्र पाहिला' म्हणतो, पण 'बेडकीने घुबडाला पाहिलं'. चंद्राला 'ला' लागला नाही, घुबडाला लागला. स्पॅनिशचा 'आ' हेच काम करतो : कर्म माणूस असेल किंवा गोष्टीत माणसासारखं वागणारा प्राणी असेल तर तो लागतो. पुढे 'एल' आला की दोन्ही मिळून 'आल'. व्याकरणाचं नाव सांगू नका. दोन मराठी वाक्यं फळ्यावर लिहा आणि 'ला'ला गोल करा. तेलुगू-कन्नड घरच्या मुलांनाही हे सहज उमगतं.

'आवडणं'ही तसंच. 'आ ला र्राना ले गूस्ता बोलार', बेडकीला उडायला आवडतं. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापद बदलतं, पंख आवडतात, 'ले गूस्तान लास आलास'. इंग्रजीतून शिकवलं तर हे उलटं-पालटं वाटतं, मराठीतून शिकवलं तर सरळ आहे. फक्त मधला 'ले' मुलं गाळतात, कारण आपण 'बेडकीला' एकदाच म्हणतो आणि तिथे ते दोनदा म्हणतात. पण भीतीपाशी सावध राहा. आपल्याला भीती वाटते, स्पॅनिशमध्ये ती 'असते', 'ला र्राना तेनीआ म्येदो'. इथे मराठीसारखा 'बेडकीला'मधला 'ला' चालवला तर वाक्य मोडतं.

काळाचंही जमतं. 'बिबीआ' म्हणजे राहायची, 'ब्यो' म्हणजे पाहिलं. गोष्टीची पार्श्वभूमी सगळी 'राहायची, असायची'च्या चालीवर आणि घडामोडी 'गेली, म्हणाली'च्या. मराठी गोष्ट सांगणारं मूल हा फरक रोज करतं.

आता लिंग. खार, मुंगी दोन्हीकडे स्त्रीलिंगी आणि ससा, लांडगा, उंदीर, कोल्हा दोन्हीकडे पुल्लिंगी, त्यांची काळजी नको. चुकतात ती मुख्यतः आपली नपुंसकलिंगी नावं : घुबड आणि अस्वल तिकडे पुल्लिंगी, कासव आणि फुलपाखरू स्त्रीलिंगी. यावर उपाय आपल्याच गोष्टींत आहे. चिऊताई, कोल्होबा म्हणतो तसं नातं लावून टाका : घुबडकाका, अस्वलमामा, कासवताई, फुलपाखरूताई. पहिल्या दिवसापासून मराठीत सांगतानाही हीच नावं वापरा, म्हणजे 'काका' ऐकलं की 'एल', 'ताई' ऐकलं की 'ला' आपोआप येतं. तुमच्या नायिकेला तर 'बेडकी' हा शब्द तयारच आहे, बेडूक म्हणूच नका. विशेषणही मग जमतं, छोटा-छोटी तसं 'पेकेन्यो-पेकेन्या'.

गरुड मात्र या गोष्टीत घेऊ नका. तो स्त्रीलिंगी असून त्याला 'एल आगीला' लागतो, उच्चाराच्या सोयीसाठी. पहिल्या गोष्टीत हा गुंता नको.

---

गोष्टीवेल्हाळ

विभक्तीताईंचं घुबडकाका फार छान. त्यात आवाज घाला. बेडकी तिकडे 'क्रोआक' करते, डराव नाही. कोंबडा 'किकिरिकी' करतो, आणि त्यात तुमची 'क्यू-यू'ची ओळ तीनदा येते. पहाट कोंबड्याच्या एका आरवण्याने दाखवली तर 'उजाडलं'साठी वेगळं क्रियापद शिकवावं लागत नाही.

सुरुवात 'आबीआ ऊना बेस' (एकदा एक होतं) आणि शेवट 'कोलोरीन कोलोरादो, एस्ते क्वेन्तो से आ आकाबादो' असाच ठेवा. आपल्या 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'सारखंच ते समाप्तीचं वाक्य आहे. अर्थ शब्दागणिक सांगायची गरज नाही, ताल पुरतो.

एखाद्या पालकाला गोष्ट परकी वाटत असेल तर त्यांना सांगा की बोलणारे प्राणी स्पॅनिशमध्ये आपल्याकडूनही गेलेत. पंचतंत्रातले करटक आणि दमनक अरबीत कलीला आणि दिम्ना झाले, आणि १२५१ च्या सुमारास ते पुस्तक अरबीतून कास्तिलच्या भाषेत, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये उतरलं.

---

पाच_स्वर

शेवटी मुलांकडून एक पान स्वतःचं लिहून घ्या, बेडकी उडत सोलापूरला येते असं. नान्नजचं माळरान आहेच, तिथला लांडगा 'लोबो' मुलांना येतो. माळढोकासाठी त्याच्या युरोपातल्या भावंडाचं नाव वापरता येईल, 'आबुतार्दा', तेही स्त्रीलिंगी, म्हणजे माळढोकताई. जगातले सगळ्यात जास्त आबुतार्दा स्पेनमध्येच आहेत, तेव्हा हा शब्द तिथल्या मुलांनाही ओळखीचा. चार वाक्यं पुरेत : कुठे राहते, कोणाला पाहिलं, काय विचारलं, काय आवडलं. चौघं लिहितील, बाकीचे चित्र काढतील, चालेल.

गावांची नावं रोमनमध्ये लिहिताना एक करा. नान्नजच्या शेवटच्या 'जे'खाली टिंब द्या आणि हे आपलं नाव आहे, आपल्यासारखं वाचायचं म्हणून सांगा, नाहीतर नियम नीट शिकलेलं मूल 'नान्नाख़' वाचेल आणि त्यात त्याची चूक नसेल. सोलापूरला काहीच करावं लागत नाही. शेवटी 'आर' आहे, त्यामुळे जोर आपोआप 'पूर'वर जातो.